आईचं मनगट मोडलं, घरचे हाडवैद्याकडे न्या म्हणून राहिले, कोणाचा अनुभव आहे का?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी. परवा सकाळी आई अंगणात सडा टाकायला गेली अन् ओल्या फरशीवरून पाय सटकला, पडता पडता हात टेकवला अन् मनगट गेलं. वय 63, शुगर आहे, गोळ्यांवर कंट्रोलमध्ये आहे. घराजवळच्या प्रायव्हेट दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, रेडियस नावाचं हाड मनगटाच्या थोडं वर मोडलंय अन् मागच्या बाजूला सरकलंय. त्यांनी कच्चं प्लास्टर घालून दिलं अन् म्हणाले प्लेट टाकावी लागेल, सत्तर हजाराच्या आसपास धरून चला, नाहीतर भूल देऊन हाड ओढून बसवतो अन् पक्कं प्लास्टर करतो पण नंतर सरकलं तर आम्हाला म्हणायचं नाही. दोन दिवसात सांगा. बस, एवढंच बोलणं झालं, आईला हात दुखतो का एवढंही विचारलं नाही.

आता घरी आल्यापासून वेगळंच सुरू आहे. सावनेरकडची मावशी आली अन् म्हणते कापाकापी करू नको, आमच्या तिकडे वैद्य आहे, तीन पिढ्यांपासून हाडं बसवतात, पैसे मागत नाही, नारळ अन् जे मनाला येईल ते द्यायचं. आणि आईचं म्हणणं तर अजून पक्कं, की तिच्या वडिलांचा पाय याच वैद्याच्या बापानं बसवला होता अन् आजोबा नंतर पंचाहत्तरी पार होईपर्यंत वावरात जात होते. आता आजोबांसमोर माझं गुगल काय टिकणार? मी एकटीच आहे, भाऊ पुण्याला, तो फोनवर म्हणतो ऑपरेशनच कर, पण आईला धरून ऑपरेशन थिएटरमध्ये मला न्यायचंय, त्याला नाही.

खरंच कोणी गेलंय का हाडवैद्याकडे? ऐकीव नको, स्वतःचं किंवा घरच्याचं सांगा. चांगलं वाईट दोन्ही. घाई आहे.

खामल्याचा_भाऊ

ताई मी गेलो होतो, माझंच सांगतो. बारा-तेरा वर्ष झाले असतील, वर्धा रोडले गाडीवरून पडलो, गळ्याजवळचं हाड तुटलं, ते हंसली म्हणते ना ते. तेव्हा नोकरी नवी, हातात पैसे नाई, बाबा म्हणे चल वैद्याकडे. गेलो तर बाहेर पंचवीस-तीस लोकं बसून, कोणी बैलगाडीतून पडलेला, कोणी बाथरूममध्ये, एक पोलीसवाला बी होता युनिफॉर्ममध्ये. वैद्यबुवानं आधी काई विचारलंच नाई, फक्त बोटं फिरवले हाडावरून हळूहळू, डोळे मिटून, अन् म्हणे इथं तुटलं, तुकडा वर आला. नंतर बरोबर तेच एक्स-रेत दिसलं. मग अंड्याचं पांढरं, हळद अन् अजून कायतरी हिरवं वाटून लेप दिला, पाठीमागून आठच्या आकड्यासारखी फडक्याची पट्टी बांधली अन् हात गळ्यात. दर तिसऱ्या दिवशी जायचं, सोडायचं, परत बांधायचं. वांगं बंद, चिंच बंद, दही बंद. दीड महिन्यात हात वर गेला. आज पोरीले खांद्यावर बसवतो. हाडावर एक गाठ राहिली, बनियन घातली की दिसते, बाकी काई त्रास नाई.

खर्च तेव्हा सगळा मिळून पाचशे-सहाशे, त्यात जास्त तर पेट्रोलच.

धरमपेठ_टू_गोंदिया

माझ्या आजीचं मांडीचं हाड वैद्यानेच बरं केलं. वय 78 होतं, डॉक्टर लोकांनी तर बॉल टाका, गोळा बदला, दीड-दोन लाख सांगितले होते. आम्ही सरळ घरी आणलं, वैद्य घरी येऊन बांधून जायचा. ऑपरेशन वगैरे सगळा धंदा आहे, न घाबरता न्या.

मानेवाडा_रिंगरोड

@धरमपेठ_टू_गोंदिया थँक्यू. आजी नंतर चालायला लागल्या का नीट? किती दिवस लागले?

धरमपेठ_टू_गोंदिया

चालली नाही तशी. बसायची. पलंगावरून खुर्चीवर आणायचो आम्ही. दुखणं मात्र कमी झालं होतं. पुढे वर्ष-सव्वा वर्षात गेली, पाठीला जखमा झाल्या होत्या. पण वयच होतं तिचं.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट

मी हे कुठे लिहिलं नव्हतं, पण तुम्ही वाईट अनुभव पण विचारला म्हणून लिहितेय. बहिणीचा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा. पेरूच्या झाडावरून पडला, उजवं कोपर. गावात होता आजोळी. कोपर टम्म सुजलं, त्याच संध्याकाळी जवळच्या हाडवैद्याकडे नेलं, तो काही वाईट माणूस नव्हता, गावातल्या निम्म्या लोकांचे हातपाय त्यानेच बांधलेत. त्याने बांबूच्या कमच्या लावून घट्ट पट्टी बांधली. पोरगं रात्रभर रडलं. म्हणजे नुसतं रडलं नाही, किंचाळलं. सकाळी फोन केला तर वैद्य म्हणाले पहिली रात्र दुखतेच, हाड बसून राहिलं, चॉकलेट द्या, झोपवा. दुपारपर्यंत तो शांत झाला अन् सगळ्यांना वाटलं चला, आराम पडला. शांत झाला कारण त्याला हाताचं काही समजतच नव्हतं.

माझी बहीण तिसऱ्या दिवशी नागपुरात घेऊन आली तेव्हा बोटं थंडगार अन् निळसर होती, काळपट म्हणू हवं तर. ऑपरेशन करून हात वाचवला. हात आहे, पण बोटं आत वळलेली, पंजा सरळ होत नाही. आता नववीत आहे. डाव्या हाताने लिहितो, अक्षर छान आहे त्याचं. क्रिकेटमध्ये स्कोअर लिहायला बसवतात त्याला.

तो वैद्य नंतर घरी आला होता, दारात उभा राहून रडला. मला त्याचाही राग येत नाही आता, माझ्या बहिणीला मात्र स्वतःचा राग येतो अजून.

तुमच्या आईचं मनगट आहे, कोपर नाही, वय वेगळं, मला मान्य आहे. पण कोणीही बांधू द्या, वैद्य असो की डॉक्टर, रात्री बोटं बघा. हाच एक हट्ट धरा.

मानेवाडा_रिंगरोड

ताई वाचून हातपाय गळाले. खूप वाईट वाटलं. बोटं बघितली आत्ताच, गरम आहेत, थोडी सुजलेली आहेत पण हलवते आहे.

हाडांचा_रेसिडेंट

मी ऑर्थोचा ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे हाडांच्या विभागात पुढचं शिकणारा डॉक्टर, नागपुरातच, ड्युटी संपवून लिहितोय म्हणून मधे मधे तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

आधी वरच्या मुलाचं. त्याला फोल्कमनचं कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, एका जर्मन सर्जनने 1881 मध्ये वर्णन केलेलं. कोपराच्या वरचं हाड मोडलं की सूज येते, सुजेला जागा नसते, त्यात वरून घट्ट पट्टी. आतलं प्रेशर वाढतं, स्नायूला रक्त पोचत नाही. सहा-आठ तास असं राहिलं की स्नायू मरायला लागतो अन् मेलेला स्नायू परत येत नाही, तो आखडून दोरीसारखा होतो अन् बोटं ओढून धरतो. हे दवाखान्यातल्या प्लास्टरमुळे पण होऊ शकतं बरं का, आमच्याकडून पण झालेलं आहे. फरक एवढाच की आम्हाला पहिल्या वर्षी पहिली गोष्ट हीच शिकवतात की फ्रॅक्चरच्या मानाने दुखणं जास्त वाटलं, बोटं सरळ करून बघितली अन् पेशंट ओरडला, तर विचार न करता प्लास्टर फाड, आधी फाड मग सिनिअरला फोन कर. आणि दुखणं अचानक थांबणं ही चांगली बातमी नसते.

आता वैद्यांबद्दल. मला इथे सगळ्यांनी शिव्या घालायच्या अपेक्षेने वाचायला नको, म्हणून खरं सांगतो. आमच्या ओपीडीत हाडवैद्याकडून आलेले पेशंट आठवड्याला येतातच, अन् सगळे बिघडलेलेच येतात, त्यामुळे आम्हाला वाटतं की हे लोक फक्त बिघडवतात. जे बरे झाले ते आमच्याकडे कशाला येतील? ते खामल्याच्या भाऊंसारखे पोरीला खांद्यावर बसवून फिरतात. अन् गावात उलटं, गावाला फक्त बरे झालेलेच दिसतात, बिघडलेला नागपूरला येतो, खाटेवर पडतो अन् लोक म्हणतात नशीब.

मुळात हाड जुळवत कोणीच नाही, ना वैद्य ना आम्ही. हाड स्वतः जुळतं. मोडल्याजागी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यात तिथे मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरतं, हाताचं साधारण सहा आठवड्यात, मांडी-नडगीचं बारा आठवडे किंवा जास्त. लहान मुलांचं निम्म्या वेळात. आमचं काम फक्त ते जुळेपर्यंत सरळ धरून ठेवायचं. गळ्याच्या हाडाचं बहुतेक वेळा हात गळ्यात अडकवला तरी जुळतं, बरगडीला तर काही बांधायचीही गरज नसते, बारीक चीर गेली असेल तर तेच. हे सगळे वैद्याच्या खात्यात जमा होतात. भाऊ, तुमच्या हाडावरची गाठ म्हणजे तुकडे एकावर एक चढून जुळले, चालतं त्या हाडात.

पण खुब्याचं हाड, म्हणजे धरमपेठच्या आजीचं. त्या जागी हाडाच्या टोकाला रक्तपुरवठाच बारीक असतो, मोडलं की तो तुटतो अन् बांधून काही होत नाही. दुखणं कमी होतं, माणूस उठत नाही, मग पाठीला जखमा, छातीत कफ. त्यात शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करायचं म्हणतात ते धंद्यासाठी नाही, आजीला दुसऱ्या दिवशी उभं करता यावं म्हणून. (वाद घालत नाहीये, कुटुंब म्हणून तुम्ही जे केलं ते समजतं, दीड लाख म्हणजे चेष्टा नाही.)

अन् एक, कोपराला मोडल्यावर कोणालाही मालिश करू देऊ नका. तिथे स्नायूत हाड तयार होतं, खरंच हाड, अन् कोपर लाकडासारखं होतं. हे मी महिन्यातून एकदा तरी बघतो.

आता काकूंचं. एक्स-रे न बघता मी इलाज सांगणार नाही. पण सत्तर हजार किंवा वैद्य, असे दोनच रस्ते नाहीयेत. या वयात मनगटाचं फ्रॅक्चर हाताने ओढून बसवून प्लास्टर करणं ही काही गरिबाची सोय म्हणून केलेली गोष्ट नाही. साठी-पासष्टीच्या पुढच्या लोकांत प्लेट टाकली काय अन् प्लास्टर केलं काय, वर्षभरानंतर हाताचं काम बऱ्यापैकी सारखंच निघतं, एक्स-रेत थोडं वाकडं दिसलं तरी. सांध्याच्या आत तुकडे गेले असतील, खूपच चुरा झाला असेल तर गोष्ट वेगळी. सरकण्याची भीती खरी आहे, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढून बघतात. मेडिकल, मेयो, एम्स ही नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं आहेत, कुठेही दुसरं मत घ्या. पण घ्या लवकर, आठवडाभराच्या आत बसवलेलं बरं, नंतर मऊ जोड धरला की ओढून बसत नाही. अन् वैद्याकडे नेलंत अन् त्याने दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तर सरकलेलं हाड दर तिसऱ्या दिवशी परत सरकणार. हंसलीत चालतं, मनगटात नाही.

काढा_आणि_कषाय

मी आयुर्वेदाचा आहे, बीएएमएस, सक्करदऱ्याला शिकलो. मला दोन्हीकडून मार बसतो म्हणून जपून लिहितो 😀

हाडवैद्य म्हणजे आयुर्वेद नव्हे. बहुतेक वैद्यांनी कुठलंच पुस्तक उघडलेलं नसतं, बापाचा हात धरून शिकलेले असतात, अन् त्यातल्या काहींचा हात खरंच असा असतो की मी साडेचार वर्ष शिकून तसा लावू शकत नाही. पण मग लोक म्हणतात की हे आपलं प्राचीन ज्ञान आहे, तर प्राचीन ज्ञान काय म्हणतं तेही बघू. सुश्रुताने भग्नाचे, म्हणजे हाडा-सांध्याच्या मोडतोडीचे, दोन भाग केले, सांधा निखळणं सहा प्रकारचं अन् हाड मोडणं बारा प्रकारचं. म्हणजे आधी कोणतं मोडलं ते ओळख, मग हात लाव. बांधायला वड, पिंपळ, उंबर, अर्जुन अशा झाडांच्या साली अन् बांबूच्या कमच्या. पट्टी कधी सोडायची तेही दिलंय, थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. भाऊंच्या वैद्याचा तिसरा दिवस तिथूनच आला असेल, नागपूरचा उन्हाळा म्हटल्यावर तीनच! अन् सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी स्पष्ट लिहिलंय की पट्टी ढिली बांधली तर सांधा स्थिर होत नाही अन् घट्ट बांधली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून मध्यम बांधा. त्या पेरूच्या झाडावरच्या पोराची गोष्ट वाचून मला हेच आठवलं. दोन हजार वर्षांपासून लिहिलेलं आहे, पण ज्याने बांधलं त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

आणि एक्स-रे हा काही ॲलोपॅथीचा नाहीये, तो फोटो आहे. जो वैद्य आधी फोटो मागतो तो मला बरा वाटतो. आजकाल पुष्कळ मागतात पण.

कांडवेल, म्हणजे हाडजोडी, तिचं विचाराल तर पोटातून देतात, तिच्यावर संशोधन पण सुरू असतं, मी पण देतो. पण ती सरकलेलं हाड ओढून जागेवर आणत नाही, कोणतीच वनस्पती आणत नाही. शुगरच्या गोळ्या सुरू असताना कोणाच्याही हातचं चूर्ण घेऊ नका, अगदी माझ्याही हातचं, विचारल्याशिवाय.

हाडांचा_रेसिडेंट

@काढा_आणि_कषाय सर हे पट्टीचं मला माहीत नव्हतं, उद्या युनिटमध्ये सांगतो. आमच्या वॉर्डात मांडीच्या फ्रॅक्चरला अजूनही थॉमस स्प्लिंट लावतो, लोखंडी गोल कडं अन् दोन दांड्या. तो बनवणारा ह्यू ओवेन थॉमस, लिव्हरपूलचा, त्याचा बाप हाडवैद्यच होता, पिढीजात. बापाने पोरांना मेडिकल कॉलेजला पाठवलं. पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेले सैनिक पटापट मरायचे ते या स्प्लिंटने बरेच वाचले. म्हणजे आमचं खानदान पण शेवटी तिकडूनच.

सदर_चौकातली

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. सरकारी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण रेशन कार्ड अन् आधार घेऊन जा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत आहे, अन् ऑर्थोची बरीच ऑपरेशनं त्यात बसतात. तुमचं नक्की बसतं का ते तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, बसतो त्याला विचारा, दाखल व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. प्रायव्हेटवाले पण काही काही योजनेत असतात, ते स्वतःहून सांगत नाहीत एवढंच.

लाईन मोठी असते हे खरं. पाण्याची बाटली, डबा, अन् आईला बसायला एक छोटा स्टूल घेऊन जा, हसू नका, मी नेला होता. अन् एक्स-रेचं जुनं पाकीट विसरू नका नाहीतर परत काढावा लागतो.

वैद्याकडे का जातात लोक ते मला समजतं मात्र. तो हात हातात घेतो. तुमच्या डॉक्टरने दुखते का विचारलं नाही हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, सत्तर हजाराच्या लगेच पुढे.

खामल्याचा_भाऊ

बरोबर बोलले. माझ्या वैद्यानं तर चहा बी पाजला होता.

रेसिडेंट भाऊ, मले हे माहीत नव्हतं की हंसली आपोआप जुळते. इतके वर्ष मी गावभर सांगून राहिलो अन् दोन जणाले पाठवलं बी. एकाचा तर घोटा होता. त्याचा पाय अजून लंगडतो, मी म्हणायचो त्यानं पथ्य पाळलं नसेल.

मानेवाडा_रिंगरोड

अपडेट देते, उशीर झाला, सॉरी. तुमचे रिप्लाय आईला वाचून दाखवले, पेरूच्या झाडाचं सोडून, ते तिला नाही वाचलं. मग मावशीला म्हटलं, एक दिवस दे, सरकारीत दाखवते, त्यांनी पण ऑपरेशन म्हटलं तर तू म्हणशील तिकडे जाऊ. मावशी फुगली पण आली सोबत, स्टूल तिनेच धरला.

पहाटे सहाला घरून निघालो अन् नंबर लागायला साडेअकरा झाले. एक मॅडम होत्या, लहानशाच, चष्मा, त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरून बघितला अन् आईला म्हणाल्या मावशी, ओढून बसतंय का बघू, बसलं तर कापत नाही. मनगटात मोडल्याजागीच इंजेक्शन दिलं भुलीचं, एकाने कोपराजवळून धरलं अन् दुसऱ्याने अंगठा-बोटं धरून ओढलं, माझ्या मावशीने डोळे मिटून हनुमान चालीसा सुरू केली. कट्ट असा आवाज आला. आई म्हणाली, झालं? परत एक्स-रे, बऱ्यापैकी जागेवर. कच्चं प्लास्टर ठेवलं कारण सूज होती, आठवड्याने पक्कं केलं. दर आठवड्याला फोटो. दुसऱ्या आठवड्यात किंचित मागे सरकलेलं दिसलं तेव्हा माझा जीव वर आला, मॅडम म्हणाल्या या वयाला एवढं चालतं. हात उशीवर उंच ठेवायचा अन् बोटं दर तासाला मूठ करून उघडायची, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आता आमच्या घरात सगळेच करतात, भाचा पण.

हाडांची तपासणी पण सांगितली, डेक्सा म्हणून. एवढ्याशा पडण्याने मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, पुढच्या वेळी खुबा जायला नको म्हणे. व्हिटॅमिन डी तर आईचं तळाला होतं. पंचेचाळीस डिग्रीच्या गावात राहून डी कमी, ऐकून मावशी हसायलाच लागली, पण खरंय, मार्च ते जून आपण सगळे कूलरसमोर, कोण बसतं उन्हात.

काढा_आणि_कषाय

मस्त. प्लास्टर निघाल्यावर मनगट लाकडासारखं वाटेल, घाबरू नका, कोमट पाण्यात हात बुडवून हळूहळू हलवायचा. ओढाताण नाही.

मानेवाडा_रिंगरोड

शेवटचं अपडेट. प्लास्टर निघालं, सहा आठवडे पूर्ण झाले. हात बारीक झालाय, कातडी सोलून राहिली, मनगट थोडं वाकडं दिसतं, काट्याचमच्यातल्या काट्यासारखं, पण बोटं सगळी चालतात.

आणि हो, वैद्याकडे गेलो. हो, गेलोच. आईला चैन पडेना, म्हणे बापाच्या पायाचं ऋण आहे, एकदा दाखवून तर येऊ. मला वाटलं आता तो लेप लावतो अन् परत बांधतो की काय, रस्ताभर मी भांडायची तयारी करत होते. म्हातारे आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आधी एक्स-रे मागितले, सगळे, तारखेप्रमाणे लावून उन्हात बघितले, मग आईची बोटं एकेक करून दाबली, नखं दाबून सोडली अन् रंग परत येतो का बघत बसले. म्हणाले हे बसलेलं आहे, मी काय बसवू? माझ्याकडे आधी आली असती तर मीच म्हटलं असतं की नागपूरले जा, पासष्टीच्या बाईचं मनगट मी आता घेत नाही, पोराचं कोपर तर हातच लावत नाही. का ते नाही सांगितलं, मी पण विचारलं नाही. पैसे घेतले नाहीत, नारळ ठेवून घेतला. तेलाची एक बाटली दिली, वरवर लावा, चोळायचं नाही.

आजोबांची आठवण होती त्यांना. पाय नडगीतून गेला होता म्हणे, चार महिने झोपवून ठेवला होता.

आता आई भाकरी थापायचा हट्ट करते, थापताना दुखतं, मग अर्धी झाली की मला देते. फिजिओ सुरू आहे.

खामल्याचा_भाऊ

ताई त्या तेलात काय असते?

मानेवाडा_रिंगरोड

वास तर तिळाच्या तेलाचा येतो अन् थोडा कापराचा. बाकी मावशीला विचारून सांगते, ती म्हणते मला माहीत आहे पण सांगत नाही.